गाडीत जीपीएस कुठे लावायचा? होल्डर चिकटवण्याआधी या चुका टाळा

कुंभार्ली घाट उतरत होतो. पावसाळ्याचे दिवस, वळणावळणाला धुकं. समोरच्या काचेला लावलेला होल्डर अचानक सुटला, फोनसकट खाली आला आणि घरंगळत थेट ब्रेकच्या पेडलखाली जाऊन अडकला. पुढे वळण, आणि ब्रेक अर्धाच दाबला जातोय. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला घेतली. मागे बायको मुलीला घट्ट धरून बसली होती. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही.

त्या दिवसापासून मी होल्डर लावताना आधी जागा ठरवतो आणि होल्डर नंतर घेतो. बहुतेकांचं उलटं होतं. ऑनलाइन स्वस्तात दिसला तो मागवायचा आणि जिथे चिकटेल तिथे चिकटवायचा. नातेवाईक, शेजारी, मित्र यांच्या गाड्यांत मी सतत तेच पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जागा बाहेर उभं राहून ठरवणं

दार उघडायचं, वाकून हात घालायचा, होल्डर दाबायचा, झालं! सगळ्यात मोठी चूक हीच. आधी सीटवर बसा. रोज चालवताना असते तशी सीट पुढे-मागे करा, पट्टा लावा, पाठ टेकवा. आता कुणाला तरी फोन हातात धरून त्या जागी ठेवायला सांगा. रस्ता झाकला जातोय का? स्पीडोमीटर दिसतोय का? स्टेअरिंग अर्धं फिरवल्यावर हात फोनला लागतो का? नकाशा पाहायला नुसती नजर खाली करावी लागते, की मान वळवावी लागते? मान वळत असेल तर जागा चुकली.

घरात गाडी दोघं चालवत असतील तर दोघांनीही बसून पाहा. माझ्या नजरेला बॉनेटच्या खाली राहणारा फोन माझ्या बायकोला बरोब्बर रस्त्यावर आडवा दिसायचा, कारण तिची उंची कमी. जागा नेहमी कमी उंचीच्या चालकाच्या नजरेने ठरवावी.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे स्टेअरिंगच्या लगेच डावीकडे, डॅशबोर्डवर किंवा काचेच्या अगदी खालच्या कडेला, ही माझ्या मते सर्वांत चांगली जागा. काही जण उजव्या कोपऱ्यात, दाराजवळच्या खांबाला लागून होल्डर लावतात. तिथे लावू नका. त्या खांबाआड आधीच एक अख्खी दुचाकी लपू शकते. त्याला फोनची जोड मिळाली की घाटातल्या उजव्या वळणावर समोरून येणारा माणूस दिसायला उशीर होतो. आरशाखाली काचेच्या मधोमध तर अजिबात नको.

एअरबॅगचं झाकण विसरणं

डॅशबोर्डवर, स्टेअरिंगवर आणि बऱ्याच गाड्यांत काचेशेजारच्या खांबांवरही ‘एसआरएस एअरबॅग’ अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. ती शोधा. एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागात उघडते. तिच्या झाकणावर चिकटवलेली वस्तू तेवढ्याच वेगाने चेहऱ्याकडे येईल. शेजारी बसणाऱ्याच्या समोरचा डॅशबोर्ड रिकामाच ठेवा. चार्जरची केबलही खांबावरच्या एअरबॅगवरून ओढू नका.

सक्शन कप सारखा सुटतो

आमच्या घाटातल्या प्रकाराचं कारण नंतर कळलं. आदल्या दिवशी गाडी धुताना डॅशबोर्डला पॉलिश मारलं होतं. तेच फडकं काचेच्या आतल्या बाजूने फिरलं, आणि त्याचा तेलकट थर काचेवर राहिला. रबराला धरायला काही उरलंच नाही.

काच स्पिरिटने पुसा, पूर्ण कोरडी होऊ द्या, आणि कप सावलीत लावा. कपाचं रबर कोमट पाण्यात धुऊन वाळवलं की पकड बऱ्याचदा परत येते. रबर कडक होऊन कडा उचलल्या असतील तर मात्र नवा घ्या. खडबडीत डॅशबोर्डवर सक्शन कप टिकत नाही, तिथे चिकटपट्टीचा होल्डर लागतो. तो लावल्यावर रात्रभर त्यात फोन अडकवू नका, चिकटपट्टीला धरायला वेळ लागतो. आणि एक सवय मी आता सोडत नाही: होल्डरला बारीक दोरी बांधून तिचं दुसरं टोक डॅशबोर्डवरच्या पक्क्या जागी अडकवतो. दोरी आखूड हवी, होल्डर सुटलाच तर पेडलपर्यंत पोचता कामा नये.

एसीच्या जाळीला अडकवायचे होल्डर सोपे आणि स्वस्त, पण जाळीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या नाजूक असतात. जड फोन आणि खड्ड्यांचा रस्ता, म्हणजे पट्टी मोडणार. त्यांचा फायदा एकच, पण मोठा आहे: फोन गार राहतो. काचेवरचा फोन वैशाखातल्या नागपुरात किंवा चंद्रपुरात तापून पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं कंपनीच सांगते, आणि उन्हात उभी असलेली बंद गाडी त्याच्या खूप पुढे जाते. गाडी उभी केली की फोन काढून घ्या.

बाण भरकटला की होल्डरला दोष देणं

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संदेश आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा फार क्षीण झालेला असतो. साधी काच आणि प्लॅस्टिक त्याला वाट देतात, पत्रा देत नाही. ऊन रोखण्यासाठी काचेला धातूचा थर किंवा फिल्म असेल तरी तो अडखळतो.

तपासायचं सोपं आहे. फोन गाडीबाहेर मोकळ्या आकाशाखाली एक-दोन मिनिटं धरा. तिथे जागा नीट दाखवली आणि गाडीत बिघडली, तर काच किंवा जागा कारणीभूत. बाहेरही चुकत असेल तर फोनमधली अचूक स्थानाची परवानगी आणि बॅटरी सेव्हर तपासा. चालत्या गाडीत ठीक, पण सिग्नलला थांबलं की बाण गरगर फिरतो? मग होल्डरच्या चुंबकाकडे पाहा. चुंबक उपग्रहाच्या संदेशाला अडवत नाही, फोनमधल्या होकायंत्राला फसवतो. आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर भाताणच्या किंवा माडपच्या बोगद्यात बाण अडकला, तर बाहेर पडेपर्यंत थांबा. तिथे आकाशच नाही.

दुचाकीवर

हँडलची थरथर फोनच्या कॅमेऱ्याला मारक ठरते. आतली भिंगं सावरणारी यंत्रणा त्याने बिघडू शकते, आणि अ‍ॅपलने २०२१ मध्ये मोटारसायकलवाल्यांना तसा जाहीर इशाराही दिला होता. थरथर शोषणारा रबरी जोड असलेलाच होल्डर घ्या. लावल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणली जात नाही ना, एवढं पाहा.

कायद्याचंही लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या केंद्रीय नियमानुसार चालवताना फोनसारखं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतं. पत्ता टाइप करायचा तो गाडी निघण्याआधी.

ट्रॅकर बसवताना

चोरीच्या भीतीने बसवतात तो ट्रॅकर (गाडी कुठे आहे ते फोनवर कळवणारं यंत्र) लपलेला हवाच, पण पत्र्याखाली नको. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली, अँटेनाची बाजू आकाशाकडे करून बसवला की काम होतं. वायरमनला दोन प्रश्न विचारा: फ्यूज कुठे टाकला, आणि जोड कसा केला? नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या वायरी वर्षभरात सैल होतात. इंजिन बंद करणारा रिले लावत असाल तर चालत्या गाडीत तो चालणार नाही अशी सोय आहे का, ते आधी विचारा. नसेल तर तो रिले लावूच नका. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल तर ट्रॅकर बॅटरी हळूहळू खातो, हेही ध्यानात असू द्या.

पैसे देण्याआधी गाडी घेऊन एक फेरी मारून या. घरच्या कुणाला तरी फोनवर बाण पाहत बसायला सांगा, आणि गाडी कुठल्या वळणावर आहे ते त्यांनाच विचारा.