लॅपटॉप तापतो आणि पंखा घोंघावतो, तेव्हा काय करावे

लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज वाढला की तो उघडून साफ करण्याची किंवा थेट दुरुस्तीच्या दुकानात नेण्याची घाई अनेकजण करतात. त्याआधी तो आवाज दोन मिनिटे नीट ऐकावा. हवेचा एकसारखा सूं-सूं आवाज येत असेल, तर पंखा चांगला आहे, फक्त त्याच्यावर काम जास्त पडते आहे. मात्र खरखर, टकटक किंवा काहीतरी घासल्यासारखा आवाज येत असेल, तर पंख्याचे बेअरिंग (ज्यावर पंख्याचा आस फिरतो तो भाग) झिजलेले असते किंवा पात्यांत काहीतरी अडकलेले असते आणि तिथे सेटिंग्ज बदलून काहीही साधत नाही.

प्रोसेसरची, म्हणजे सगळी आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपची, उष्णता तांब्याच्या चपट्या नळीतून एका कडेला असलेल्या पातळ धातूच्या जाळीपर्यंत नेली जाते. पंखा बहुधा खालून हवा ओढतो आणि या जाळीतून बाहेर फेकतो. प्रोसेसरचे तापमान 95 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, म्हणूनच लॅपटॉप तापणे आणि मंदावणे ही दोन गाऱ्हाणी पुष्कळदा एकत्रच येतात. एचडब्ल्यू-इन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने हे तापमान पाहता येते. काही काम चालू नसतानाचा आणि नेहमीचे काम चालू असतानाचा, असे दोन आकडे सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवावेत, कारण पुढच्या प्रत्येक उपायाचा गुण आला की नाही हे त्यांवरूनच कळेल.

पहिली पायरी जागेची. गादी, उशी किंवा मांडीवरच्या गोधडीमुळे खालची छिद्रे बुजतात आणि कापसाचे तंतू आत ओढले जातात ते वेगळेच. लॅपटॉप टणक, सपाट पृष्ठभागावर ठेवावा आणि मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलावी. त्यासाठी महागडे स्टँड लागत नाही, दोन कडांखाली सारख्या जाडीची दोन पुस्तके सरकवली तरी चालते, फक्त छिद्रे मोकळी राहिली पाहिजेत. पंखा खोलीतल्याच हवेने उष्णता काढतो, त्यामुळे मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांवर असताना निरोगी लॅपटॉपचा पंखाही जोरात फिरणारच. त्याला बिघाड समजू नये.

दुसरी पायरी म्हणजे लॅपटॉप गुपचूप कशात गुंतला आहे ते शोधणे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) या स्तंभाच्या शीर्षकावर क्लिक केले की सर्वाधिक काम करणारा प्रोग्रॅम वर येतो. मॅकवर हेच काम अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर करतो. बहुतेक वेळा दोषी सापडतो तो ब्राउझर, विशेषतः उघडून विसरलेले आणि आत जाहिराती किंवा व्हिडिओ चालू असलेले टॅब. विंडोज अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी किंवा फाइलींची अनुक्रमणी (शोध लवकर लागावा म्हणून विंडोज करते ती यादी) चालू असेल, तर ती मध्येच बंद न करता तासभर पूर्ण होऊ द्यावी. जे नाव ओळखीचे नाही, ते आधी शोधून पाहावे. दिसेल ते ‘एंड टास्क’ करण्याने, म्हणजे जबरदस्तीने बंद करण्याने, पंखा शांत होईलही, पण जतन न केलेले कामही जाईल.

त्यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमधील पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशिएन्सी’वर आणावा. कंट्रोल पॅनेलमधील जुन्या पद्धतीच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ 100 ऐवजी 99 टक्के केले, तर अनेक प्रोसेसरांचा टर्बो वेग (गरजेला नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालणे) बंद होतो आणि तापमान चांगलेच उतरते. एक टक्क्याने काय होणार, असे वाटेल. पण लेखन, ईमेल आणि बैठकांसाठी हा उपाय मला कूलिंग पॅडपेक्षा (लॅपटॉपखाली ठेवायच्या पंख्यांच्या पाटापेक्षा) जास्त पटतो. काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय दिसत नाही, तिथे पॉवर मोडवरच समाधान मानावे.

एवढे करूनही आकडे उतरले नाहीत, तर धूळ हेच कारण धरून चालावे. ती पंखा आणि जाळी यांच्या मध्ये नमद्यासारखी जमते. उदबत्तीचा धूर आणि स्वयंपाकघरातील फोडणीची वाफ यांनी चिकट झालेली धूळ तर फुंकरीने हलतही नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, दाबून भरलेल्या हवेच्या डब्याने छिद्रांतून थोड्या-थोड्या वेळाने झोत सोडावा. डबा उभाच धरावा, कारण तो उलटा केल्यास आतील द्रव बाहेर येतो. पंखा दिसत असेल, तर लाकडी काडीने पाती अलगद अडवून धरावीत. मोकळा पंखा झोताने प्रमाणाबाहेर वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर मात्र वापरू नये, त्याने स्थिर विद्युत निर्माण होऊन भाग निकामी होऊ शकतात.

खालचे झाकण उघडायचे असेल, तर आधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात, स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कागदावर मांडावेत आणि झाकण निघताच सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. बॅटरी फुगलेली दिसली, तर काम तिथेच थांबवावे, ती दाबू नये, टोचू नये आणि लॅपटॉप पुन्हा चार्जिंगला लावू नये. काही वर्षे वापरलेल्या लॅपटॉपात प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट (त्याची उष्णता तांब्याच्या नळीकडे पोहोचवणारा लेप) सुकलेली असते. ती बदलण्याचा सराव नसेल, तर हे काम तंत्रज्ञाकडून करून घेणे शहाणपणाचे. काही गेमिंग लॅपटॉपांत पेस्टऐवजी वीजवाहक द्रवधातू असतो आणि त्याचा एक थेंब सांडला तरी मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेला मुख्य सर्किट बोर्ड) जाऊ शकतो.

खरखर करणाऱ्या पंख्यात तेल सोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने आवाज थोडे दिवस दबतो आणि तेलावर धूळ बसून पुन्हा सुरू होतो. असा पंखा बदलावाच. नवा मागवताना केवळ लॅपटॉपचे मॉडेल सांगू नये, जुन्या पंख्यावरील चिकटपट्टीवर छापलेला क्रमांक जुळवावा. दोन पंखे असतील, तर डावा आणि उजवा सहसा वेगवेगळे असतात.