सुई टोचताना पोराला ‘काही होत नाही’ म्हणू नका

बावीस वर्षं झाली, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात लसीची सुई माझ्या हातात आहे. दर गुरुवारी तीच रांग, तीच तायी कार्डं (आई-बाळाच्या नोंदीची) आणि मोठ्या माणसांच्या त्याच चुका. पोरांबद्दल माझी तक्रार नाही, पोरं रडणारच. सुई काही सेकंदांत बाहेर येते. तिच्या आधीचा आणि नंतरचा पंधरा मिनिटांचा गोंधळ मात्र बहुतेक वेळा घरच्यांनीच घातलेला असतो.

पहिला मान ‘काही नाही होत, काही नाही होत’ला. आईचा आवाज चढलेला, भुवया वर, पोराचा दंड घट्ट धरलेला आणि तोंडाने हा जप. पोरगं शब्दांपेक्षा चेहरा जास्त वाचतं. आई एरवी अशी कधी बोलते? आपण पडल्यावर. म्हणजे आता काहीतरी होणार, एवढं त्याला कळतं. १९८०च्या दशकापासून अभ्यासकांनी अशा खोल्यांतलं मोठ्यांचं बोलणं टिपून तपासलं आहे. सारखा धीर देणं, माफी मागणं, रागावणं जिथे जास्त, तिथे पोरांचा त्रासही जास्त दिसला. लक्ष दुसरीकडे नेणं, चेष्टामस्करी, ‘फुंकर मार बघू’ असं काहीतरी करायला लावणं, यांनी पोरं सावरली. आई बोलते म्हणून पोर रडतं की पोर रडतं म्हणून आई बोलते, हा प्रश्न मलाही पडायचा. माझ्या अनुभवात दोघं एकमेकांना चढवत नेतात.

मग बोलायचं काय? सुई सोडून काहीही. म्हशीला रेडकू झालं का, गणपतीला मामाकडे कोण कोण आलं होतं. माझ्या टेबलाच्या खणात साबणाच्या फुग्यांची बाटली असते. फुगा काढायला लांब श्वास सोडावा लागतो, आणि श्वास सोडता सोडता हात आखडून धरणं अवघड. मोबाइलवर गाणी लावणार असाल तर खोलीत शिरायच्या आधी लावा. पोरगं भोकाड पसरल्यावर स्क्रीनकडे कोण बघतंय!

दुसरी चूक खोटं बोलून आणण्याची. हिच्यावर माझा खास राग आहे. पाच वर्षांचा एक मुलगा, डीपीटीचा दुसरा बूस्टर. आज्जीने घरातून काढताना सांगितलं, ‘चल, बेळगावला कुंदा आणायला जाऊया.’ पोरगं स्कूटरच्या पुढे उभं राहून मिठाईच्या खुशीत आलं. व्हरांड्यात स्पिरिटचा वास आला आणि जागीच थबकलं. ‘आज्जी, कुंदा कुठाय?’

‘आतच आहे की.’

आत मी होते. बापाने पाय धरले, काकाने हात, आई कोपऱ्यात डोळे पुसत उभी. बाहेर वीस बाळं खोळंबलेली, म्हणून मीही ‘धरा, धरा’ करत होते. एक लाथ बसली आणि डोस माझ्या एप्रनवर. एडी सिरिंज एकदा दाबली की लॉक होते, परत वापरता येत नाही. नवीन फोडली, भरली, तोवर पोराला पुन्हा पकडलेलं. टोचून झालं, रडं ओसरलं, तेव्हा ते आज्जीकडे बघून म्हणालं, ‘तू खोटं बोललीस.’ सुईबद्दल अवाक्षर नाही. पुढे ती आज्जी भेटली तेव्हा म्हणाली, ‘घरात कुंद्याचं नाव काढलं की पळतंय बघा माडीवर.’

त्या दिवसापासून मी ‘धरा, धरा’ म्हणत नाही. नवीन आलेल्या पोरी म्हणतात, अक्का, असं केलं तर रांग कधी संपायची? चौघांनी धरून टोचल्याने वेळ वाचतो हा भ्रम आहे. त्या एका पोराचा आवाज ऐकून बाहेरची वीस बाळं तयार होतात.

खरं सांगायला दोन वाक्यं पुरतात: ‘आज हाताला एक सुई आहे. चिमटा काढल्यागत लागेल, मी पाच म्हणेपर्यंत.’ लहानाला त्याच सकाळी सांगा, मोठ्याला आदल्या दिवशी.

आडवं पाडून दाबू नका. मांडीवर ताठ बसवून मिठीत घ्या. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या बाळाला अंगावर पाजत ठेवा, मांडी मला मोकळी द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये हेच सांगितलंय. लाजून कोपऱ्यात जायचं कारण नाही, पडदा मी ओढते.

‘तयार झालास की सांग, मग टोचू’ असं म्हणू नका, ते कधीच सांगत नाही. कुठला हात, कुणाची मांडी, एवढं त्याला ठरवू द्या.

‘पोरींसारखा रडूलास काय?’ हे माझ्या खोलीत चालणार नाही.

मध चाटवायचा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच नाही.

टोचलेली जागा चोळू नका.

‘जेवला नाहीस तर सिस्टर सुई टोचतील’ म्हणणाऱ्यांनी एक गुरुवार माझ्या जागी बसून बघावं.

आमच्याकडची एक भानगड भाषेची. कन्नड बोलणारी सिस्टर ‘अळब्याड, अळब्याड’ म्हणते, म्हणजे ‘रडू नको’; पोरगं मराठी, त्याला तो नुसता मोठा आवाज वाटतो. सिस्टरला तिचं काम करू द्या, पोराशी बोलणं तुमच्याकडे ठेवा, आणि एकाच माणसाने बोला. आई, आज्जी, आशाताई एकदम सुरू झाल्या की त्याने बघायचं कुणाकडे?

शेवटची चूक बसमध्ये होते. ‘केवढं रडलं हो, तिघांनी धरलं!’ आई शेजारणीला रंगवून सांगते, आणि पोरगं मांडीवर बसून सगळं ऐकतं. पुढच्या डोसला ते हेच आठवत येतं. त्यापेक्षा त्याने काढलेला सगळ्यात मोठा फुगा छताला लागला होता, ते सांगा. खरंच लागला असेल तर.