कूलंट ओतायच्या आधी एवढं करा (जुनी गाडी, ॲल्युमिनियम रेडिएटर)

जुन्या गाडीत तांब्या-पितळेचा रेडिएटर काढून ॲल्युमिनियमचा बसवला असेल तर कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) कॅन आणला आणि ओतला असं करू नका, आधी अर्धा दिवस मोकळा ठेवा. ॲल्युमिनियमला लाल गंज येत नाही त्यामुळे आतून खाल्लं जातंय हे कळतच नाही, रेडिएटरच्या कॅपखाली पांढरी भुकटी किंवा जेलीसारखा थर दिसला की समजायचं काम सुरू झालंय.

पहिलं म्हणजे मल्टीमीटर शोधा. इंजिन पूर्ण थंड असताना कॅप उघडायची, मीटर डीसी व्होल्टवर, काळी वायर बॅटरीच्या मायनसला आणि लाल टोक कूलंटमध्ये बुडवायचं, पण आतल्या धातूला लावायचं नाही. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर ठीक, 0.3 च्या वर गेलं तर शोधाशोध करायचीच. सगळं बंद असतानाच आकडा जास्त येत असेल तर बहुतेक कूलंटमधलं गंजरोधक संपलेलं असतं, आणि लाइट, फॅन, हॉर्न एकेक चालू केल्यावर उडी मारली तर त्या वस्तूची अर्थिंग खराब. माझ्याकडे फॅन लावला की आकडा चढायचा, बघतो तर फॅनची अर्थ वायर रंग लावलेल्या पट्टीवर स्क्रू केलेली, मग करंट जाणार कुठून, पाण्यातूनच की! रंग खरवडून वायर नीट बसवली, आकडा खाली आला. स्टार्टर मारतानाही एकदा बघा, तेव्हा वाढला तर इंजिनची अर्थ पट्टी साफ करा नाहीतर बदला. रेडिएटर रबरावरच बसलाय ना, बॉडीला घासत नाही ना, तेही आत्ताच बघून घ्या.

होज, क्लिपा, कॅपचं रबर, थर्मोस्टॅट हे हाताशी आणून ठेवा, नंतर परत सगळं रिकामं करायला लागू नये म्हणून.

पाणी डिस्टिल्डच. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक भोकं पाडतं आणि क्षारांचा थर बसतो तो वेगळाच. फ्लश करताना, म्हणजे पाणी सोडून सिस्टिम आतून धुताना, हिटर फुल गरमवर ठेवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा अजिबात नाही, इंजिनच्या लोखंडी ब्लॉकला चालेल म्हणून सांगणारे भेटतील, ऐकू नका. शेवटचा फ्लशही डिस्टिल्डनेच, कारण ब्लॉकमध्ये थोडं पाणी अडकून राहतंच. त्यामुळे भरताना आधी कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट), म्हणजे 8 लिटरची सिस्टिम असेल तर 4 लिटर, आणि मग वरून डिस्टिल्ड पाणी. उलटं केलं तर प्रमाण पातळ होतं आणि गंजरोधक कमी पडतं. रंग बघून कूलंट घेऊ नका, लेबलवर ॲल्युमिनियमसाठी लिहिलंय का ते वाचा, दोन प्रकार मिसळू नका.

रिकामी सिस्टिम तशीच आठवडाभर ठेवू नका, ओल आणि हवा मिळून जास्त खातात. भरल्यावर हवा काढा, दोन दिवसांनी थंड असताना लेव्हल परत बघा. काढलेलं कूलंट उघड्या टबात ठेवू नका, ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरी चाटतात.