मध कुठे ठेवलाय?

मधुमेही कुत्रा सांभाळायचा तर पहिली तयारी फ्रीजच्या दारावर: एक कॅलेंडर आणि दोरीला बांधलेलं पेन. इंजेक्शन दिलं की लगेच खूण. आमच्याकडे एकदा सकाळी आईने चिंगीला इन्सुलिन दिलं, आणि मी आंघोळीहून येऊन पुन्हा दिलं. दोनेक तासांनी ती पाण्याच्या भांड्याकडे निघाली तर मागचे पाय लटपटले, भिंतीला टेकून उभी राहिली, मान थरथरायला लागली. दुप्पट इन्सुलिनने रक्तातली साखर कोसळली होती. ती वर आणायला मध हवा, आणि तो लोणच्याच्या बरण्यांमागे होता. सापडेपर्यंत जीव टांगणीला.

आता छोटी बाटली फ्रीजवरच असते, शेजारी ग्लुकोज पावडर. मध बोटाने हिरड्यांना चोळायचा. झटके येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. दातांत बोट सापडण्याची भीती वेगळीच. शुगर-फ्री काहीही नको, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असलं तर कुत्र्याची साखर आणखी कोसळते. सावरली की थोडं खायला घालून तडक डॉक्टर गाठायचा. इन्सुलिन अंगात असेपर्यंत साखर पुन्हा उतरू शकते.

सुई टोचली आणि केस ओले लागले? किती आत गेलं कळत नसेल तर दुसरा डोस नाही. जेवली नाही तरी आधी डॉक्टरांना फोन, मग इंजेक्शन.

सिरिंज मेडिकलवाल्याच्या भरवशावर घेऊ नका. इन्सुलिनच्या बाटलीवर ४० (एका मिलीत ४० युनिट) लिहिलंय तर ४० चीच, लाल टोपणाची. १०० ला नारिंगी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने तेवढ्याच रेघेपर्यंत भरलं तर डोस अडीचपट होतो.

साखर फार वाढली तर धोका हळूहळू येतो, म्हणून फसवतो: उलट्या, अन्नाला तोंड न लावणं, भराभर श्वास, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. इथे घरगुती उपाय नाही, थेट दवाखाना. लघवीतले कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की तयार होतात ते) दाखवणाऱ्या पट्ट्या घरात ठेवा, आणि लघवी धरायला लांब दांड्याचा जुना डाव. फिरायला जाताना लोक बघतात, बघू देत.

रात्रीच्या दवाखान्यात आजच फोन करून विचारा, दोन वाजता खरंच डॉक्टर असतो का, सलाइन लावतात का. वजन, इन्सुलिनचं नाव, डोस आणि वेळा एका कागदावर लिहून मधाच्या बाटलीला रबर बँडने लावा. आणि कुत्र्याला रिक्षात घेणाऱ्या एखाद्या रिक्षावाल्याचा नंबर. तो मिळवायला मला डॉक्टर शोधण्यापेक्षा जास्त दिवस लागले.