बायोइन्फर्मॅटिक्सला येताय? कोडिंगचं सोडा, स्टॅटिस्टिक्सचं बघा

पुण्यात बायोइन्फर्मॅटिक्समध्ये (जीवशास्त्रातला डेटा संगणकावर अभ्यासण्याच्या विषयात) एम.एस्सी. करायचं म्हणणाऱ्या ज्युनियर्सचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोडिंग येत नाही, जमेल का?" जमतं. बॉटनी, मायक्रो, बायोटेक करून आलेली मुलं दिवाळीपर्यंत पायथनमध्ये लूप लिहायला लागतात. लिनक्सची काळी स्क्रीन सुरुवातीला अंगावर येते, मग सवयीची होते. मुलं खरी अडकतात ती स्टॅटिस्टिक्सला.

माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २०,०००. कॅन्सरच्या आणि निरोगी पेशी घेऊन एकेका जनुकाची तुलना केली आणि पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५च्या खाली गेली की 'फरक आहे' म्हटलं, तर मुळात काहीच फरक नसला तरी हजारेक जनुकं यादीत येऊन बसतील. बारावीला गणित सोडलेल्यांनी हा हिशोब कधी केलेलाच नसतो. अशा खोट्या फरकांना आवर घालायला बेंजामिनी आणि हॉकबर्ग या संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ साली सुचवलेली दुरुस्ती आज सॉफ्टवेअर पॅकेज आपोआप करून देतं. ती का करायची, असं व्हायवात विचारलं की मात्र भलेभले छताकडे बघतात. ब्लास्टचंही तेच, म्हणजे आपल्या सीक्वेन्सशी (डीएनए किंवा प्रथिनातल्या अक्षरांच्या क्रमाशी) जुळणारे सीक्वेन्स डेटाबेसमध्ये शोधणाऱ्या प्रोग्रॅमचं. सीक्वेन्स तोच, जुळणी तीच, पण डेटाबेस मोठा घेतला की ई-व्हॅल्यू (अशा किती जुळण्या योगायोगाने मिळतील तो आकडा) वाढते, कारण निव्वळ योगायोगाने जुळायला जागा जास्त मिळते. नीडलमन-वुन्श ही दोन सीक्वेन्स एकमेकांखाली जुळवून मांडायची (म्हणजे अलाइनमेंटची) पद्धत एकदा तरी चौकटीच्या वहीत हाताने सोडवा. कंटाळा येईल, पण गॅप पेनल्टी (मध्ये मोकळी जागा सोडली की कापायचे गुण) बदलली की अलाइनमेंट कशी बदलते ते डोळ्यांनी दिसेल.

बाकी वेळ जातो फाइलींत. जीनोमवरच्या जागा नोंदवणाऱ्या फाइलींपैकी बेड फाइलमधली मोजणी शून्यापासून, जीएफएफमधली एकपासून; एका अंकाने सगळं सरकतं. आणि जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडू नका. सेप्ट२ या जनुकाच्या नावाची त्यात तारीख व्हायची. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनीच हार मानून अशा जनुकांची नावं बदलली! जुन्या डेटात ती अजून भेटतात.

प्रवेशाचं थोडक्यात. गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठाचं बायोइन्फर्मॅटिक्स सेंटर १९८७चं, म्हणजे हा विषय शिकवणाऱ्या देशातल्या जुन्या ठिकाणांपैकी. ताथवड्याला डी. वाय. पाटीलचीही संस्था आहे. प्रवेशाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे सिनियरच्या आठवणीवर न जाता त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा.

पुण्यात शिकण्याचा खरा फायदा कळतो तो प्रोजेक्टच्या वेळी. पेशीविज्ञानाची एनसीसीएस ही संस्था विद्यापीठाच्या आवारातच, रसायनशास्त्राची एनसीएल आणि विज्ञान शिक्षण-संशोधनाची आयसर पाषाण रस्त्याला. शिवाय विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही आणि संगणकाची सी-डॅक. गाइड शोधायला शेवटच्या सेमिस्टरची वाट पाहू नका. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम इंटरेस्टेड इन युअर वर्क" असा एकच मेल वीस जणांना गेला की तो ओळखू येतो. त्यांचा एक पेपर वाचून त्यातल्या एका आकृतीबद्दल प्रश्न विचारलात, तर उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते.

संस्थेच्या नावावर भाळू नका, माझं तरी हेच मत. पहिल्या भेटीत विचारा: डेटा हातात आहे की यायचाय? "सॅम्पल्स सीक्वेन्सिंगला गेलीत" असं उत्तर आलं, तर जीईओ किंवा एसआरए या ऑनलाइन संग्रहांमधल्या खुल्या डेटावर सोडवता येईल असा दुसरा प्रश्न तिथेच मागून घ्या. सॅम्पल्स उशिरा आली म्हणून सबमिशनची तारीख पुढे जात नाही.