मुलाखती घेऊन झाल्या, आता ह्या ढिगाचं करायचं काय?

सांगली, मिरज, तासगाव भागात हल्ली शेतीवरचं काहीतरी अॅप नाहीतर सर्व्हिस बनवणारी बरीच पोरंपोरी भेटतात, कोण डिझाइन शिकतंय, कोण स्टार्टअपमध्ये आहे, आणि मुलाखती घ्यायचं काम बहुतेकांचं छान झालेलं असतं. गाडी काढली, बागेत गेलं, चहा झाला, तासभर गप्पा रेकॉर्ड झाल्या. गाडी अडते ती पुढं. फोनमध्ये दहाबारा रेकॉर्डिंग, वहीत अर्धवट नोट्स, ढीगभर फोटो, आणि सोमवारी टीमला काहीतरी दाखवायचंय. मग जेवढं आठवतंय तेवढ्यावर पीपीटी होते आणि तिच्यात लिहिलेलं असतं "शेतकऱ्यांना सोपं, मराठी अॅप हवंय". हे बागेत न जाता पण सांगता आलं असतं की.

म्हणून मुलाखतीनंतरचं काम कसं करायचं ते जरा सविस्तर लिहितोय. उदाहरण सगळीकडं एकच घेतो, द्राक्षबागायतदार फवारणी कशी ठरवतात आणि तिची नोंद कशी ठेवतात. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यासाठीच आहे: तुमच्या शेवटच्या निष्कर्षातल्या कुठल्याही वाक्यावर कुणी बोट ठेवलं तर तिथून मागं मागं जात तुम्हाला त्या माणसाच्या तोंडच्या वाक्यापर्यंत, रेकॉर्डिंगच्या त्या मिनिटापर्यंत पोचता आलं पाहिजे. ती वाट मध्ये कुठंही तुटली तर तुमच्याकडं राहतं ते फक्त तुमचं मत.

मुलाखतीच्याच दिवशी

घरी येऊन झोपायच्या आधी अर्धा तास काढा. रेकॉर्डिंग आहे ना, नंतर ऐकू, असं करू नका, रेकॉर्डिंगमध्ये आवाज असतो फक्त. तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: माणूस काय बोलला, तुम्ही काय बघितलं, आणि तुम्हाला काय वाटलं. वहीत तीन रकाने पाडा नाहीतर तीन रंगांची पेनं घ्या, पण मिसळू देऊ नका, कारण आठवड्यानं वाचताना "बागायतदार नोंदीबद्दल उदासीन" असं वाक्य सापडतं आणि हे तो बोलला होता का तुम्हाला वाटलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

बघितलेलं का लिहायचं त्याचं उदाहरण देतो. बागायतदार म्हणतो, "नोंद समदी ठेवतोय की, डायरी हाय." डायरी आणतो, छापील, फवारणीच्या औषधांच्या कंपनीनं दिलेली, पहिली चारपाच पानं भरलेली आणि पुढं कोरी. पण भिंतीवरच्या कालनिर्णयावर बघितलं तर ऑक्टोबर छाटणीच्या (फळासाठीची छाटणी) तारखेला गोल केलेला असतो, पुढच्या चौकोनांत बारीक अक्षरात आकडे, १२, १८, २५, आणि काही आकड्यांपुढं औषधाच्या नावाचं पहिलं अक्षर. ते आकडे म्हणजे छाटणीपासूनचा कितवा दिवस. म्हणजे नोंद चालू आहेच, फक्त ती डायरीच्या तारखांत बसत नाही, छाटणीच्या दिवसांत बसते, आणि वरच्या पट्टीची (बागेच्या वरच्या भागाची) छाटणी वेगळ्या दिवशी झाली असेल तर तिचे आकडे दुसऱ्या शाईत. हे रेकॉर्डिंगमध्ये अजिबात येणार नाही. फोटो काढा (विचारून), आणि फोटो कुठल्या वाक्याच्या वेळचा ते लिहून ठेवा.

फाईलींची नावं पहिल्या दिवसापासून एकसारखी ठेवा. आधी तारीख, मग गाव, मग माणसाचा कोड, बागायतदार असेल तर बा०४, औषध दुकानदार दु०२, मजूर म०१ असं काहीतरी. खरं नाव आणि कोड यांची जोडी एका वेगळ्या फाईलीत, ती फाईल शेअर फोल्डरमध्ये नको.

लिहून काढणं

तासाभराचं रेकॉर्डिंग लिहून काढायला चार तास सहज जातात, जास्तच. मशीनकडून करून घ्यायला काही हरकत नाही पण आपल्याकडच्या बोलीत, मागं ब्लोअरचा (फवारणी यंत्राचा) आवाज, मध्येच कुणीतरी हाक मारतंय, अशात ते बरंच चुकतं, आणि नेमके औषधांची नावं, रोगांची नावं, आकडे तिथंच चुकतं. त्यामुळं मशीनचं घेतलं तरी एकदा ऐकत ऐकत दुरुस्त करा. वेळ गेला असं समजू नका, निम्मं समजणं ह्या ऐकण्यातच होतं. बोलणं जसंच्या तसं ठेवा, "हुतं" ला "होते" करू नका, आणि कुणी थांबलं, हसलं, आवाज खाली आणला तर ते पण कंसात लिहा.

कोण बोललं ते प्रत्येक वाक्याला लावा. आपल्याकडं मुलाखत घरातल्या मोठ्या माणसाची ठरते, सोप्यात तेच बसून बोलतात आणि आतनं वहिनी म्हणतात, "ते न्हवं, ते सोमवारी मारलं, टोळी आली हुती त्या दिशी." बऱ्याच ट्रान्सक्रिप्टमध्ये हे वाक्य येतच नाही, नाहीतर मालकांच्या नावावर जातं. पण थिनिंग (मणी विरळ करणं), डिपिंगला (घड द्रावणात बुडवणं) बायकांची टोळी कधी आली, किती जणी होत्या, हा हिशेब ज्यांच्याकडं असतो त्यांच्या डोक्यात फवारणीच्या तारखा पण पक्क्या असतात. त्यांना वेगळा कोड द्या, बा०४-ब असा, आणि जमलं तर त्यांची वेगळी मुलाखत घ्या.

तुकडे करणं

आता खरं काम, लिहून काढलेल्या बोलण्याचे छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येकाला टॅग, म्हणजे छोटंसं नाव, लावायचं. खालचा उतारा दोघातिघांचं बोलणं मिसळून केलेला नमुना आहे, कुणाची ओळख पटू नये म्हणून:

"रात्री पाऊस झाला न्हवं, मग पहाटं बागंत गेलो. शेजारच्या अण्णांचा ब्लोअर सुरू झालेला. म्हटलं आपण कशाला मागं ऱ्हायचं. दुकानदाराला फोन लावला, त्यो म्हटला डाऊनीचं (केवडा रोगावरचं) मारून घ्या. घरात हुतं तेच मारलं. पोरगं म्हणत हुतं मोबाईलवर हवामान बघू, पर त्या टायमाला कोण बघत बसतंय."

ह्याला घाईत टॅग लावले तर होतात "फवारणी", "हवामान", "दुकानदार". हे टॅग बिनकामाचे आहेत, कारण ते विषय सांगतात, घडलं काय ते सांगत नाहीत. टॅगमध्ये क्रियापद आलं पाहिजे. शेजाऱ्याचा ब्लोअर ऐकून फवारायचं ठरवणं. ठरवून झाल्यावर दुकानदाराकडून पक्कं करून घेणं. घरात शिल्लक आहे ते औषध वापरणं. घाईच्या वेळी मोबाईल बाजूला ठेवणं. आता बघा, त्याच सहा वाक्यांत क्रम दिसायला लागला. दुकानदाराचा फोन ब्लोअरच्या नंतर आहे, म्हणजे फवारायचं का नाही हे आधीच ठरलेलं, विचारलं ते फक्त कुठलं मारू, आणि शेवटी मारलं ते घरात होतं तेच. पण ह्याच माणसाला तुम्ही थेट विचारलंत की फवारणी कशी ठरवता, तर तो सांगणार दुकानदाराच्या सल्ल्यानं. दोन्ही खरंच आहे, म्हणून दोन्ही तुकडे ठेवा, एक "तो काय सांगतो" म्हणून आणि एक "त्या दिवशी काय झालं" म्हणून.

अजून एक खूण लावायची सवय करा, गोष्ट नेहमीची आहे का एकदाची. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पावसानं आपल्याकडच्या बागांचं जे झालं ते लोक आजही काल घडल्यासारखं सांगतात, आणि नेहमी काय करता असं विचारलं तरी त्या वर्षाचं सांगतात. ते सांगणं फार मोलाचं आहे, भीती कशाची आहे ते त्यातून कळतं, पण दरवर्षीची पद्धत म्हणून ते मोजलं तर गडबड होते.

ह्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, गुगल शीट पुष्कळ झालं. एका ओळीत एकच तुकडा, आणि कॉलम एवढेच: माणसाचा कोड, रेकॉर्डिंगचं मिनिट, जसंच्या तसं वाक्य, बोललेलं का बघितलेलं, नेहमीचं का एकदाचं, टॅग, आणि शेवटी तुमचा विचार. हा शेवटचा कॉलम मोकळा सोडू नका, डोक्यात जे येतं ते तारखेसकट तिथंच टाका, नंतर तेच सगळ्यात उपयोगी पडतं. पहिल्या दोनतीन मुलाखती दोघांनी वेगवेगळ्या टॅग करा आणि शेजारी ठेवून बघा. जिथं जुळत नाही तिथं भांडा, खुशाल भांडा, टॅगचा अर्थ तिथंच पक्का होतो. नवीन टॅग निघाला की मागच्या मुलाखतींवर परत एक नजर टाकायची, कंटाळा येतो पण टाकायची.

गठ्ठे लावणं

जिरो कावाकिता नावाचे जपानी मानववंशशास्त्रज्ञ होते, नेपाळच्या डोंगरात फिरून आणलेल्या माहितीचा पसारा आवरायला त्यांनी चिठ्ठ्यांची एक पद्धत बसवली, १९६० च्या दशकात ती जपानच्या कंपन्यांत पसरली आणि त्यांच्या आडनाव-नावाच्या अक्षरांवरून तिला केजे पद्धत म्हणतात. आज आपण भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावून अॅफिनिटी मॅपिंग करतो त्याचं मूळ हेच. पण तिचा गाभा बरेच जण सोडून देतात. गाभा असा की गठ्ठ्यांची नावं आधी ठरवायची नाहीत. आधी चिठ्ठ्या (एका चिठ्ठीवर एकच तुकडा) पसरायच्या, सगळ्या दोनदा वाचायच्या, कुठली कुणाच्या जवळ जाते ते बघत सरकवायच्या, आणि गठ्ठा झाल्यावर मगच त्याला नाव द्यायचं.

आपण करतो काय, मुलाखतीच्या प्रश्नांचेच गठ्ठे करतो, "अडचणी", "गरजा", "मोबाईल वापर". तसं केलं की जे विचारलं होतं तेच परत हातात येतं. गठ्ठ्याचं नाव पूर्ण वाक्य असू द्या, उदाहरणार्थ "दिवस छाटणीपासून मोजतात, तारीख फक्त बाहेरच्यांना सांगायला लागते". एकटी पडलेली चिठ्ठी ओढूनताणून कुठं कोंबू नका, राहू दे तिला एकटी. आणि प्रत्येक चिठ्ठीवर कोड आणि मिनिट पाहिजेच, कारण रात्री फॅन लावला आणि चार चिठ्ठ्या खाली पडल्या की कुठली कुणाची ते शोधत बसायला लागतं.

गठ्ठे झाले की एक तक्ता करा, उभ्या बाजूला माणसं, आडव्या बाजूला गठ्ठे, आणि प्रत्येक चौकोनात त्या माणसाचं दोन ओळींत. माझ्या मते सगळ्या कामातलं सगळ्यात जास्त देणारं पान हेच आहे. रिकामे चौकोन बघा आणि तिथं दोन वेगळ्या खुणा करा, "विचारलंच नाही" आणि "विचारलं पण त्याच्याकडं असं काही नाही". ह्या दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे.

मग उलटी उदाहरणं शोधा. समजा बहुतेक जण तारखेची नोंद ठेवत नाहीत पण दोघं अगदी व्यवस्थित ठेवतात. लगेच "हे शिकलेले आहेत" असं लिहून मोकळं होऊ नका. तक्त्यात त्यांची ओळ आडवी वाचा, आणि दोघंही एक्स्पोर्टला माल देणारे निघाले तर कारण तिथंच आहे. युरोपला माल जायचा तर ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांसाठीची सरकारी ऑनलाइन व्यवस्था) बागेची नोंदणी लागते, औषधांच्या अंशाची तपासणी होते, फवारणी आणि काढणी यात किती दिवस गेले ते दाखवावं लागतं, म्हणजे त्यांची नोंद कुणीतरी मागतं. लोकल मार्केटला नाहीतर बेदाण्याला माल देणाऱ्याला तशी नोंद सहसा कुणी मागत नाही. इथं तुमचा प्रश्नच बदलतो. "नोंद सोपी कशी करायची" ह्याच्याऐवजी "जिथं कुणी मागत नाही तिथं नोंदीचा त्याला स्वतःला उपयोग काय" हा प्रश्न पुढं येतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक पुढची फवारणी ठरवण्यात असतं, मागं काय मारलं, किती दिवस झाले, पावसानं धुऊन गेलं का.

आकड्यांबद्दल एक. "६७ टक्के बागायतदार" असलं काही लिहू नका, बारा माणसांचे टक्के काढायचे नसतात. किती मुलाखती पुरे हे सगळेच विचारतात. २००६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांतल्या ६० मुलाखती तपासून असं दाखवलं गेलं होतं की बहुतेक नवीन मुद्दे पहिल्या बारा मुलाखतींतच येऊन जातात, तेव्हापासून बारा हा आकडा सगळीकडं फिरतोय. पण ती माणसं बऱ्यापैकी एकसारखी होती आणि सगळ्यांना तेच प्रश्न होते. तुमच्याकडं तासगावचा जुना बागायतदार, जतकडचा टँकरनं बाग जगवलेला, आणि मजुरीवर फवारणी करणारा असे तिघं असतील तर बारा एकूण धरून भागणार नाही, प्रत्येक गटात नवीन यायचं थांबलंय का ते बघावं लागतं.

टीमपुढं मांडताना

एका इनसाइटला (मुलाखतींतून निघालेल्या निष्कर्षाला) तीन भाग द्या: काय दिसलं, असं का होत असावं, आणि म्हणून आपल्या डिझाइनमध्ये काय बदलेल. वरच्याच उदाहरणात, लोक छाटणीपासूनचे दिवस मोजतात. कारण पिकाची अवस्था, रोग, सल्ला, सगळं त्याच हिशेबात बोललं जातं. म्हणून स्क्रीनवर सगळ्यात वर प्रत्येक पट्टीचा छाटणीपासूनचा दिवस, आणि तारीख खाली बारीक. प्रत्येक इनसाइटखाली दोनतीन जणांचे शब्द कोडसकट, त्यात एकतरी विरोधात जाणारा. "का होत असावं" हा भाग तुमचा अंदाज आहे हे उघड लिहा, टीमला त्याच्यावर वाद घालता आला पाहिजे.

आणि ओळख. ह्यात अजिबात ढिलाई नको. नाव काढलं, गट नंबर काढला म्हणजे झालं असं नसतं. "दुकानाच्या उधारीवर औषध घेणारा, दोन एकर, मुलगा पुण्यात आयटीत" एवढं अमुक गावाच्या नावासकट स्लाइडवर गेलं की गावातला कुणीही ओळखतो, दुकानदार तर पहिला, आणि पुढच्या हंगामात त्या माणसाची उधारी बंद झाली तर आपण काय करणार? उधारी, कर्ज, घरातले वाद, हे तपशील गटात मिसळून सांगा, गाव काढून टाका. रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, टीमच्या सुद्धा. संमती घेताना कशासाठी, कोण ऐकणार, कधी पुसणार हे मराठीत सरळ सांगा, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख पण तोच आहे, आणि नंतर कुणी फोन करून "दादा ते माझं काढून टाका" म्हटलं तर कोडवरून त्याचा प्रत्येक तुकडा शीटमधनं पाच मिनिटांत सापडला पाहिजे.

कच्चा तक्ता झाला की दोघातिघा बागायतदारांकडं परत जा आणि गठ्ठ्यांची नावं वाचून दाखवा. पसंत पडलं का असं विचारू नका, मान हलवतात लोक, पाहुण्याला कशाला नाराज करायचं म्हणून. "ह्यातलं कुठलं तुमच्या बागेत असं होत नाही?" असं विचारा आणि गप्प बसा. वेळ बघून जा, ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत कुणाला डोकं वर काढायला सवड नसते, खरड छाटणी (एप्रिलच्या आसपासची) उरकली की मे-जूनमध्ये निवांत बोलतात. त्यांनी जे खोडलं ते पण शीटमध्ये नवीन ओळ म्हणून घ्या, तारीख आणि कोड लावून, जुनी ओळ पुसू नका.