ऊस भरून निघण्याआधी ट्रॉलीच्या मागे जाऊन बघा

गाळप हंगामात मोहोळ-पंढरपूर रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. मागून येणाऱ्याला सगळ्यात आधी दिसायला हवा तो रिफ्लेक्टर, आणि नेमका तोच वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली, झाकलेला असतो. फाळक्यावर (ट्रॉलीच्या मागच्या झडपेवर) लाल पट्टी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. मोळ्या रचून झाल्या की वीस पावलं मागे जा, मोबाईलची बॅटरी मारा. पट्टी चमकली नाही तर लोंबणारे वाढे छाटा, किंवा रिफ्लेक्टर लावलेलं लाल कापड उसाच्या टोकालाच घट्ट बांधा. डबल ट्रॉली असेल तर दोन्हींच्या बाजूंनाही पिवळी पट्टी हवीच.

कागदपत्रांत हमखास राहून जातं ते ट्रॉलीचं. तिची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरबरोबरच तपासून घ्या.

आणि स्टिअरिंग पोराच्या हातात देऊ नका, शेतातून डांबरीपर्यंतसुद्धा. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो.